प्रक्षेपणापूर्वी सौर दुर्बिणीचे कॅलिब्रेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिब्रेशन करतात म्हणजे नेमके काय करतात?

दुर्बिणीचा कॅमेरा आपल्या हाती फक्त आकडे देतो. प्रतिमेतल्या एखाद्या चित्रबिंदूवर ५०० हा आकडा उमटला, तर सूर्याच्या तेवढ्या भागातून, त्या ठराविक तरंगलांबीत, दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर पडत होती हे त्या आकड्यावरून सांगता आले पाहिजे. ते सांगण्यासाठी लागणारे सगळे संबंध मोजणे आणि त्या प्रत्येकातील अनिश्चिततेसह नोंदवून ठेवणे म्हणजे कॅलिब्रेशन.

उदाहरणार्थ, प्रभामंडळ (सूर्याचे विरळ, अतितप्त बाह्य आवरण, म्हणजे कोरोना) पाहण्यासाठी १७.१ नॅनोमीटर ही तरंगलांबी फार वापरली जाते. या तरंगलांबीच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ७२.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सरासरी ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणून असा एक फोटॉन सीसीडीमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या सिलिकॉन शोधकात, शोषला गेला की सुमारे २० इलेक्ट्रॉन तयार होतात. या इलेक्ट्रॉनांचे पुढे इलेक्ट्रॉनिक मंडलात आकड्यात रूपांतर होते. तेव्हा आकड्यावरून उलट चालत इलेक्ट्रॉन, इलेक्ट्रॉनांवरून फोटॉन, आणि मग आरशांनी व फिल्टरांनी वाटेत किती प्रकाश गिळला याचा हिशेब करून दुर्बिणीच्या तोंडाशी किती प्रकाश आला होता, इथवर पोहोचावे लागते. या साखळीतील एकही दुवा केवळ आराखड्यावरून गृहीत धरून चालत नाही. तो प्रत्यक्ष मोजावा लागतो.

तीव्रतेखेरीज इतर मोजमापेही असतातच. चित्रबिंदू आकाशातला किती कोन व्यापतो, फिल्टरचा पट्टा नेमका कोणत्या तरंगलांबीवर आहे, एका बिंदूचा प्रकाश प्रतिमेत किती पसरतो आणि प्रकाशाचे ध्रुवीकरण उपकरणातून जाताना किती बदलते, हे सर्व याच कामात येते.

अवकाशात गेल्यावर समोर सूर्यच असतो. मग त्याच्याकडे पाहूनच कॅलिब्रेशन का करत नाहीत?

कारण सूर्य हा स्थिर दिवा नाही. सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्रात त्याच्या एकूण ऊर्जेत साधारण ०.१ टक्काच फरक पडतो, पण तीव्र अतिनील (फार आखूड तरंगलांबीचा अतिनील) आणि क्ष-किरण पट्ट्यांत हा फरक कित्येक पटींचा असतो, आणि सौरज्वालेच्या वेळी तो काही मिनिटांतही होतो. दुर्बिणीचे तर आयुष्यभर वय वाढत असते. आरशांवर थर साचतात, शोधकाची संवेदनक्षमता घटते, फिल्टर बदलतात. प्रतिमा पाच वर्षांत निम्म्याने मंद झाली, तर मंद कोण झाले, सूर्य की दुर्बीण, हा प्रश्न केवळ त्या प्रतिमा पाहून सुटत नाही.

सौर उपकरणांच्या कामातला हाच सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि उड्डाणापूर्वीच्या कॅलिब्रेशनचे मोल मी यावरूनच ठरवतो. उपकरण जमिनीवर असताना त्याच्यासमोर आपल्याला पूर्ण माहिती असलेला प्रकाशस्रोत ठेवता येतो. प्रक्षेपणानंतर ती सोय कायमची संपते. जमिनीवरची नोंद भक्कम असेल तरच नंतरच्या बदलाला आरंभबिंदू मिळतो.

‘पूर्ण माहिती असलेला’ प्रकाशस्रोत कुठे मिळतो?

दृश्य प्रकाशासाठी प्रमाणित दिवे मिळतात, पण तीव्र अतिनील पट्ट्यात बहुतेक वेळा सिंक्रोट्रॉनकडे जावे लागते. साठवण वलयात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना प्रकाश बाहेर टाकतात, आणि हा प्रकाश कोणत्या तरंगलांबीत किती असेल हे जुलियन श्विंगर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रांवरून काढता येते. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा, त्यांची संख्या, चुंबकीय क्षेत्र आणि मोजणीची भूमिती एवढे अचूक माहीत असले की झाले. त्या स्रोताला दुसऱ्या कोणत्याही दिव्याशी ताडून पाहण्याची गरज उरत नाही. म्हणूनच त्याला प्राथमिक मानक म्हणतात.

या स्रोतांचा आणखी एक गुण सौर दुर्बिणींना फार उपयोगी पडतो. वलयातील इलेक्ट्रॉनांची संख्या कमी करत अगदी एकेक इलेक्ट्रॉन मोजण्यापर्यंत आणता येते आणि त्या प्रमाणात प्रकाशही कमी करता येतो, तोही वर्णपटाचा आकार न बदलता. संवेदनशील शोधक तपासताना मध्ये काच किंवा जाळी घालून प्रकाश मंद करावा लागत नाही, त्यामुळे तेवढा एक अज्ञात घटक कमी होतो.

अमेरिकेतील गेथर्सबर्ग येथे एनआयएसटी या संस्थेचे ‘सर्फ-३’ आणि बर्लिनमध्ये पीटीबी या जर्मन मापनसंस्थेचा ‘मेट्रॉलॉजी लाइट सोर्स’ ही या कामाची ठळक ठिकाणे आहेत. सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी (एसडीओ) या यानावरील ‘ईव्ह’ हे तीव्र अतिनील प्रकाश मोजणारे उपकरण पहिल्या ठिकाणी, तर सोलर ऑर्बिटरवरील ‘ईयूआय’ दुर्बिणी दुसऱ्या ठिकाणी तपासल्या गेल्या. अवजड उपकरण सिंक्रोट्रॉनपर्यंत नेणे शक्य नसेल, तर एक दिवा तेथे प्रमाणित करून उपकरणापाशी आणतात. सोहो यानावरील ‘सुमर’ आणि ‘सीडीएस’ या वर्णपटमापकांसाठी बर्लिनच्या बेसी वलयाशी ताडलेला, पोकळ ऋणाग्र असलेला विसर्जन दिवा (वायूतून वीज सोडून उजळणारा) असाच दुय्यम मानक म्हणून वापरला होता. साखळी एका दुव्याने लांबते आणि अनिश्चितताही थोडी वाढते, पण ती किती वाढली हे ठाऊक असते.

संपूर्ण दुर्बीण एकत्र तपासतात की तिचे भाग वेगवेगळे?

दोन्ही पद्धती आहेत. एसडीओवरील ‘एआयए’ या प्रतिमा घेणाऱ्या उपकरणाच्या चार दुर्बिणींसाठी प्रामुख्याने भागशः पद्धत वापरली गेली. आरशांचे परावर्तन, फिल्टरांची पारगामिता आणि सीसीडीची कार्यक्षमता वेगवेगळी मोजून त्यांचा गुणाकार केला गेला. या पद्धतीत प्रत्येक भाग बारकाईने अभ्यासता येतो, आणि एखादा भाग कमी पडला तर तो वेळेत बदलताही येतो. तोटा असा की प्रत्येक मोजमापातली चूक गुणाकारात मिसळते, आणि जोडणीनंतर निर्माण होणारे दोष, म्हणजे कडेला अडणारा प्रकाश किंवा आतल्या भिंतींवरून उसळून आलेली किरणे, या हिशेबात दिसतच नाहीत.

संपूर्ण उपकरणाच्या तपासणीत हे दोष पकडले जातात. मात्र सिंक्रोट्रॉनची शलाका बारीक असते आणि ती दुर्बिणीचे सगळे तोंड एका वेळी भरू शकत नाही, म्हणून उपकरण किंवा शलाका हलवत तोंडाचा एकेक भाग तपासावा लागतो. माझे मत स्पष्ट आहे: वेळ आणि निधी यांच्या मर्यादेमुळे एकच पद्धत निवडण्याची पाळी आली, तर संपूर्ण उपकरणाची, निदान मोजक्या तरंगलांबींवरची तपासणी सोडू नये. भागांच्या गुणाकारातून आलेला आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा जुळले नाहीत, तर त्या तफावतीतूनच उपकरणाबद्दल सर्वाधिक कळते.

हे सगळे निर्वात टाकीतच का करावे लागते?

सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश हवेतील ऑक्सिजन शोषून घेतो, म्हणून त्या पट्ट्यात दुसरा मार्गच नाही. दृश्य प्रकाशातही हवा आडवी येते, जरी ते चटकन लक्षात येत नसले तरी. हवेचा अपवर्तनांक निर्वातापेक्षा सुमारे ०.०००२८ ने जास्त असतो. ज्या फिल्टरमध्ये हवेची फट आहे तो सूर्याच्या ६१७.३ नॅनोमीटरच्या लोह-रेषेवर हवेत जुळवला आणि नंतर फटीतली हवा काढून घेतली, तर त्याचा पट्टा सुमारे ०.१७ नॅनोमीटरने सरकतो. सूर्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर आहे आणि त्यामुळे ही रेषा जेमतेम ०.००४ नॅनोमीटरने सरकते. म्हणजे जे मोजायचे त्याच्या चाळीस पट मोठा बदल केवळ हवा गेल्यामुळे होतो. भिंगे असलेल्या दुर्बिणीचे नाभीयनही (फोकस) निर्वातात बदलते. त्यामुळे अंतिम मोजमापे उपकरण ज्या तापमानात काम करणार त्याच तापमानात आणि निर्वातातच घेतलेली असावी लागतात.

कॅमेऱ्याची तपासणी कशी होते?

प्रथम झाकण बंद ठेवून वेगवेगळ्या तापमानांत आणि वेगवेगळ्या उद्भासनकाळांत (एक्स्पोजर) अंधाराच्या प्रतिमा घेतल्या जातात, म्हणजे प्रकाश नसतानाही साचणारा भार कळतो. मग स्थिर प्रकाशात उद्भासनकाळ वाढवत जाऊन आकडे त्याच प्रमाणात वाढतात का, आणि कोणत्या पातळीला ते मागे पडू लागतात, हे पाहिले जाते. सौरज्वालेच्या प्रतिमा नेमक्या त्याच वरच्या पातळीवर जातात, म्हणून हा भाग घाईने उरकण्यासारखा नाही.

एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन, हे ठरवण्याच्या दोन सर्वमान्य वाटा आहेत. पहिली संख्याशास्त्राची: फोटॉनांच्या येण्यात अंगभूत चढउतार असतो आणि त्याचे सरासरीशी असलेले नाते ठरलेले आहे, त्यामुळे अनेक प्रतिमांची सरासरी आणि विचरण (चढउताराचे माप) यांचा आलेख काढून हा गुणक मिळतो. दृश्य प्रकाशात एक फोटॉन एकच इलेक्ट्रॉन देतो म्हणून हे सरळ चालते. तीव्र अतिनीलमध्ये एकेक फोटॉन वीसेक इलेक्ट्रॉन देत असल्याने ती दुरुस्ती आधी करावी लागते. दुसरी वाट किरणोत्सारी लोह-५५ ची. त्यातून ५.९ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण निघतात आणि प्रत्येक क्ष-किरण सिलिकॉनमध्ये सुमारे १६२० इलेक्ट्रॉन निर्माण करतो. दोन्ही वाटांनी येणारे उत्तर एकच असले पाहिजे.

चित्रबिंदूंमधील लहानमोठा फरक काढण्यासाठी सर्वत्र सारखा प्रकाश लागतो. दृश्य आणि लगतच्या अतिनील पट्ट्यात तो मिळवता येतो, पण तीव्र अतिनीलमध्ये तसा मोठा, एकसारखा स्रोत मिळणे फार कठीण आहे. तिथे जमिनीवरचे मोजमाप आणि नंतर यान थोडेथोडे वळवून घेतलेल्या सूर्याच्या सरकवलेल्या प्रतिमा यांची सांगड घालतात.

विखुरलेल्या प्रकाशाची एवढी काळजी का घेतात?

सूर्यबिंबालगतचे प्रभामंडळ दृश्य प्रकाशात बिंबाच्या साधारण दहा लाखांश तेजाचे असते. आरशाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म खडबडीतपणा किंवा त्यावर बसलेले धूलिकण बिंबाच्या प्रकाशाचा नगण्य वाटणारा अंश इकडेतिकडे उधळतात, आणि तेवढ्याने प्रभामंडळ झाकून जाऊ शकते. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ वरील ‘व्हीईएलसी’ हा प्रभामंडळदर्शक सूर्याच्या केंद्रापासून १.०५ त्रिज्यांइतक्या जवळून पाहण्यासाठी रचलेला असून बिंबाचा प्रकाश तो उपकरणाच्या आतच अडवतो. म्हणजे पहिल्या आरशावर पूर्ण सूर्य पडतोच. अशा रचनेत त्या आरशाची घडण, स्वच्छता आणि जोडणीनंतरचे विखुरण मोजणे यांवर सगळे यश अवलंबून असते.

तीव्र अतिनील दुर्बिणींचे दुखणे वेगळे. त्यांना हव्या असलेल्या प्रकाशापेक्षा सूर्याचा दृश्य प्रकाश प्रचंड जास्त असतो, आणि तो अडवायला तोंडाशी साधारण १५० नॅनोमीटर जाडीचे अ‍ॅल्युमिनियमचे फिल्टर लावलेले असतात. त्यांत सुईच्या टोकाहून लहान छिद्र पडले तरी मोजमाप बिघडते. १९९१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या योहको यानाच्या क्ष-किरण दुर्बिणीचा दर्शनी फिल्टर नोव्हेंबर १९९२ मध्ये फाटला आणि त्यानंतर तिच्या प्रतिमांत दृश्य प्रकाश शिरू लागला. म्हणून कंपन चाचणीच्या आधी आणि नंतर तेजस्वी दिव्यासमोर या फिल्टरांची छिद्रांसाठी तपासणी केली जाते.

कॅलिब्रेशनमध्येच चूक राहिली, तर ती कधी कळते का?

कळते, पण कधीकधी फार उशिरा. सूर्याकडून पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला येणारी एकूण ऊर्जा सुमारे १३६५ वॅट आहे, असे अनेक वर्षे मानले जात होते. २००३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘सॉर्स’ यानावरील ‘टिम’ या उपकरणाने हा आकडा सुमारे १३६१ दाखवला. फरक साधारण एक तृतीयांश टक्क्याचा असला, तरी तो संपूर्ण सौरचक्रातल्या बदलाच्या तिप्पट होता. नवे उपकरण चुकते आहे की जुनी, यावर बराच खल झाला. अखेर कोलोरॅडोतील बोल्डर येथे अशा उपकरणांना निर्वातात, सूर्याइतक्या तीव्र प्रकाशात, अतिशीत प्रमाणित रेडिओमीटरशी (प्रकाशाची ऊर्जा मोजणाऱ्या साधनाशी) ताडून पाहणारी सुविधा उभारली गेली आणि कारण सापडले. जुन्या रचनांत प्रकाशाचे क्षेत्रफळ ठरवणारे अचूक छिद्र आत, खोलवर होते आणि बाहेरचे छिद्र त्याहून मोठे होते. त्यामुळे मोजायच्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश आत शिरत होता आणि त्याचा काही भाग विखरून मोजणीत मिसळत होता. ‘टिम’मध्ये अचूक छिद्र सर्वांत पुढे ठेवले होते. पुढे जून २०१० मध्ये गेलेल्या पिकार यानावरील ‘प्रेमॉस’ हे उपकरण याच सुविधेत उड्डाणापूर्वी तपासलेले होते, आणि त्यानेही कमी आकडाच खरा ठरवला.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण जुनी उपकरणे निष्काळजीपणे बनवलेली नव्हती. त्यांचे भाग नीट मोजलेले होते, पण पूर्ण उपकरण प्रत्यक्ष कामाच्या परिस्थितीत ज्ञात प्रकाशासमोर ठेवून पाहण्याची सोयच तेव्हा नव्हती.

मोजणारे साधनच चुकले तर काय होते, हे सौर नसलेल्या हबल दुर्बिणीने दाखवले. तिच्या आरशाचा आकार तपासणाऱ्या साधनातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. दुसऱ्या, कमी अचूक मानलेल्या चाचण्यांनी दोषाची सूचना दिली होती, पण मुख्य साधनावर विश्वास ठेवून ती बाजूला सारली गेली. म्हणून महत्त्वाचे प्रत्येक मोजमाप परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन पद्धतींनी करावे आणि उत्तरे जुळली नाहीत तर काम तेथेच थांबवावे.

ध्रुवीकरणाचे कॅलिब्रेशन कोणत्या दुर्बिणींना लागते?

सूर्यावरील चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या दुर्बिणींना. चुंबकीय क्षेत्र वर्णरेषांच्या ध्रुवीकरणावर आपला ठसा उमटवते, पण आरसे, भिंगे आणि काचेतील ताण हेही ध्रुवीकरण बदलतात. उपकरण आत येणाऱ्या प्रकाशाच्या चार घटकांचे (एकूण तीव्रता आणि ध्रुवीकरणाचे तीन प्रकार) कसे मिश्रण करते, हे एका सारणीच्या रूपात मोजावे लागते. २००६ मध्ये गेलेल्या हिनोदे या यानावरील ५० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीसाठी जमिनीवर खरा सूर्यप्रकाश आत आणून, तोंडाशी ज्ञात दिशेचे ध्रुवक लावून हे काम केले गेले. कक्षेत तोंडाशी असा ध्रुवक नेऊन बसवता येत नाही, त्यामुळे जमिनीवर मिळालेली सारणी दुर्बिणीला आयुष्यभर पुरते.

स्वच्छतेचा कॅलिब्रेशनशी काय संबंध?

थेट संबंध आहे. गोंद, प्लास्टिक, वंगण आणि तारांची आवरणे यांतून निर्वातात सेंद्रिय वाफा सुटतात. त्या आरशांवर बसतात आणि अतिनील प्रकाशाने तिथेच घट्ट चिकटतात. शोधक थंड ठेवलेले असल्यामुळे वाफा त्यांच्याकडेच ओढल्या जातात. काही नॅनोमीटरचा थरही तीव्र अतिनीलमध्ये जाणवतो, आणि मग जमिनीवर मोजलेला आकडा कक्षेत पहिल्याच दिवशी खरा राहत नाही. त्यामुळे साहित्य निवडताना, भाग निर्वातात तापवून घेताना, उपकरणातून सतत शुद्ध नायट्रोजन वाहता ठेवताना आणि शेजारी ठेवलेल्या साक्षी आरशांची वेळोवेळी तपासणी करताना जी शिस्त पाळली जाते, ती कॅलिब्रेशनचाच भाग आहे. १९९५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या सोहोच्या उपकरणांसाठी ही शिस्त फार कडकपणे पाळली होती, आणि सुमर वर्णपटमापकाची संवेदनक्षमता सुरुवातीची वर्षे बरीच स्थिर राहिली त्याचे श्रेय तिला दिले जाते. जून १९९८ मध्ये यानाशी संपर्क तुटला, उपकरणे काही काळ अनियंत्रित तापमानांत राहिली, आणि त्यानंतर मात्र संवेदनक्षमता घटलेली आढळली.

कंपन आणि उष्णतेच्या चाचण्यांनंतर सगळे पुन्हा मोजतात का?

सगळे नाही. मात्र नाभीयन, आरशांची जुळणी, फिल्टरांची अखंडता आणि एकदोन तरंगलांबींवरची संवेदनक्षमता पुन्हा तपासतात. गुरुत्वाकर्षणाने आरसा किंचित वाकतो आणि कक्षेत हा वाक नाहीसा होतो, म्हणून उपकरण उलटसुलट ठेवून मोजमापे घेतात आणि त्यांतून गुरुत्वाचा वाटा वेगळा काढतात.

इतके करून अचूकता किती मिळते?

पट्ट्यानुसार फार फरक पडतो. एकूण ऊर्जा मोजणाऱ्या रेडिओमीटरमध्ये आज टक्क्याच्या शतांशांची भाषा चालते. तीव्र अतिनील प्रतिमांमध्ये एआयएच्या उड्डाणपूर्व कॅलिब्रेशनची अनिश्चितता सुमारे २५ टक्के मानली गेली. हा आकडा वाचून काहींना निराशा वाटते, परंतु या पट्ट्यात दुव्यांची संख्या आणि आरशांवरील लेपांचे वर्तन पाहता तो प्रामाणिक आकडा आहे. प्रभामंडळाचे तापमान वेगवेगळ्या पट्ट्यांच्या तेजाच्या गुणोत्तरांवरून काढतात. संशोधकाला ही अनिश्चितता ठाऊक असली की निष्कर्ष कुठवर ताणायचा हे ठरवता येते. ती लिहिलेलीच नसेल, तर सुंदर प्रतिमेतून चुकीचे तापमान निघते आणि कोणाला कळतही नाही.

उड्डाणानंतर जमिनीवरच्या नोंदींचा उपयोग कसा होतो?

त्यांना आरंभबिंदू मानून बदलाचा मागोवा घेतला जातो. ईव्ह उपकरणासाठी त्याच जातीचे दुसरे उपकरण जमिनीवर प्रमाणित करून ठराविक काळाने लहान रॉकेटवरून काही मिनिटांसाठी वर पाठवतात. दोघांनी एकाच वेळी पाहिलेल्या सूर्याची तुलना केली की कक्षेतल्या उपकरणाची घट कळते, आणि ती दुरुस्ती पुढे एआयएच्या प्रतिमांनाही लावता येते. एआयएच्या ३०.४ नॅनोमीटरच्या पट्ट्यात मोठी घट झाली, ती अशा तुलनेमुळेच दुरुस्त करता आली. मे २०१४ मध्ये ईव्हचा एक वर्णपटमापक बंद पडला, तेव्हा त्याने व्यापलेल्या पट्ट्यांसाठी हा आधार तोकडा झाला आणि रॉकेटवरच्या मोजमापांचे महत्त्व आणखी वाढले.

विखुरलेल्या प्रकाशाची पडताळणीही कक्षेत होते. ५ आणि ६ जून २०१२ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा त्याच्या काळ्या चकतीत जे तेज नोंदले गेले ते बव्हंशी उपकरणातच विखुरलेले होते. त्यावरून जमिनीवर मोजलेला प्रकाशाचा पसारा कितपत बरोबर होता हे ताडता आले. अशी ताडणी करायची तर मूळ मोजमापे, वापरलेले दिवे, तापमाने, कच्च्या प्रतिमा आणि गणनेचे प्रोग्रॅम हे सर्व दहापंधरा वर्षांनी दुसऱ्या कोणालाही उघडून वाचता येईल अशा रूपात जपलेले असावे लागते. सुट्या राहिलेल्या फिल्टरांचे आणि आरशांचे नमुनेही त्याच काळजीने कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवावेत, कारण पुढे शंका आली तर पुन्हा मोजता येईल अशी वस्तू तेवढीच उरलेली असते.